सुलक्षणा मॅडमच्या चाव्या

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी, भोरहून धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे बंडूचा, शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का, की ताईनं बाटली भरून दिली म्हणजे गुडघा आपोआप बरा होतो असं अजून समजता? राजगडावर जाणारी पोरं तुमच्या अंगणात गाड्या लावून जातात आणि तुम्ही त्यांना फुकट पाणी पाजता, असं कानावर आलं. पाजा बापडे. इकडं सगळं ठीक. फोनच केला असता, पण तुमच्याकडं रेंज येते ती गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि ताई फोन स्पीकरवर टाकते. मजकूर सगळ्या पाली गावानं ऐकण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

तर आमच्या कॉलेजात यंदा एक बाई उगवल्या आहेत. बाई कसल्या, तुमच्या धाकटीच्या वयाची पोरगी. सुलक्षणा नाव, पासलीची, घरची भातशेती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर (म्हणजे वर्षभर राबायचं आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला नव्या नवरीसारखं उभं राहायचं). आषाढात विद्यापीठाचं पत्रक आलं, की प्रयोगशाळेतल्या रसायनांच्या आणि जंतूंच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमा, काही घडलं तर तिला विचारू. मीटिंग भरली. दाजी, तुम्ही गावजेवणात पहिल्या पंगतीला बसण्यावरून आग्रह पाहिले असतील, पण असा आग्रह पाहिला नसेल. फिजिक्सचे सर म्हणाले, मान रसायनाचा. रसायन म्हणजे मी; मी म्हणालो, छे छे, जंतू ज्येष्ठ. वनस्पतीशास्त्राच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडं नुसती पानं. शेवटी आमच्याकडची जुनी रीत कामाला आली. जो हजर नाही, त्याचं नाव एकमतानं मंजूर! सुलक्षणा त्या दिवशी भातलावणीला पासलीला गेली होती. टाळ्या वाजल्या. (या रीतीमुळंच मी सहसा मीटिंग चुकवत नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून जातो.)

पोरगी दुसऱ्या दिवशी आली, नखांत अजून चिखल. प्राचार्यांनी गुलाबाचं फूल दिलं. तिनं विचारलं, यात करायचं काय? प्राचार्य म्हणाले, काही नाही हो, नुसती सही. त्यावर ती शांतपणे म्हणाली, जबाबदारी माझी असेल तर चाव्याही माझ्याकडं पाहिजेत. कपाटाच्या, फ्रीजच्या, सगळ्या. प्राचार्यांना वाटलं, हौस आहे, घेऊ दे. दिल्या. अहो, तिथंच सगळं फिरलं!

तिनं आधी रसायनांचं कपाट उपसलं. आम्ही बाटल्या नावाच्या अक्षरांप्रमाणं लावल्या होत्या, दिसायला सुरेख. तिनं दाखवलं, की या दोन शेजारणींचं झाकण एकाच दिवशी सैल झालं तर छप्पर पासलीत सापडेल. मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. मला हे ठाऊक होतं, परीक्षेत विचारतोसुद्धा. पण कपाटाकडं बघून कधी आठवलं नव्हतं. पोरीनं पदर खोचला (ओढणी म्हणा) आणि एकेक बाटली जिथं हवी तिथं नेऊन ठेवली. दारात वाळूची बादली आणली. मग जंतूंचा फ्रीज उघडला. त्यात जंतू होतेच, शिवाय आमच्या स्टाफचं दही, कुणाचा मोगऱ्याचा गजरा, प्राचार्यांचं इन्शुलिन आणि ताईनं पाठवलेला खरवस. इन्शुलिन तेवढं तिनं ऑफिसातल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. बाकीचा ऐवज ज्या भांड्यात जंतू वाफेवर मारतात त्या भांड्यात गेला. ताईनं एकदा उकडलेला खरवस पोरीनं पुन्हा उकडला आणि कॉलेजमागं पुरला. मी जागेवर उभा राहून पाहत होतो, दाजी. वेलदोड्याचा वास येत होता. राग आला, पण त्याच फ्रीजच्या वरच्या कप्प्यात काय वाढत होतं ते तिनं सांगितल्यावर खाली उतरला.

खरी कसोटी खंडेनवमीला लागली. दरवर्षी आमच्याकडं यंत्रांची पूजा होते, रसायनाच्या खोलीतच. तराजूला हळदकुंकू, सूक्ष्मदर्शकाला झेंडू, ब्युरेटच्या स्टँडला उदबत्ती आणि मधोमध पितळी समई. समईच्या मागं हातभर अंतरावर ते कपाट, ज्यातल्या निम्म्या बाटल्या नुसत्या ठिणगीच्या वासानं भडकतात. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे देवाचं आमच्यावर बारीक लक्ष असणार. झेंडू सुलक्षणानंच आणले होते, घरच्या वाफ्यातले. पण प्राचार्य रेशमी कुर्ता घालून काडी ओढणार इतक्यात ती म्हणाली, सर, पूजा व्हरांड्यात करू. खोलीत ज्योत नको.

प्राचार्य लालबुंद झाले. प्रथा आहे म्हणाले. मी या खुर्चीवर आल्यापासून पूजा इथंच होते म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, आजपासून तुम्ही त्या पदावर नाही. पोरीचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगू? नोकरी जूनपर्यंतचीच, आणि जून याच माणसाच्या हातात. पण तिनं चाव्यांचा जुडगा काढला आणि नारळाशेजारी टेबलावर ठेवला. म्हणाली, चालेल सर. फक्त या कुणी घ्यायच्या ते ठरवा आणि मग समई लावा.

काय सांगू दाजी! जुडगा तिथं पडलेला. फिजिक्सचे सर पंख्याकडं पाहू लागले, पंखा बंद होता. वनस्पतीच्या बाईंनी न वाजलेला मोबाईल कानाला लावला. मी चपलेचा बंद बांधायला वाकलो. (माझ्या चपलेला बंद नाही.) प्राचार्यांनी शिपाई हनुमंताकडं पाहिलं, तर तो दोन पावलं मागं. "न्हाई सर, आमी झाडलोट करतो. त्या चाव्यांला आमी हात लावत न्हाई." शेवटी प्राचार्यांनी स्वतःच हात पुढं केला. जुडग्याच्या वर तो क्षणभर थांबला, मग जरा डावीकडं सरकला, त्यानं नारळ उचलला आणि प्राचार्य व्हरांड्याकडं चालू लागले. मागोमाग आम्ही, तराजू कडेवर घेऊन.

आणि पुढचं ऐका. आरती चालू असताना डोंगराकडून वारा सुटला, समई कलंडली, कागदाच्या झिरमिळ्यांनी पेट घेतला. हनुमंतानं दारातली वाळूची बादली उचलून ओतली, विझलं. फरशीवर काळा डाग, बाकी काही नाही. पण सगळ्यांच्या माना एकदम त्या कपाटाच्या दाराकडं वळल्या. पोरगी मात्र झेंडूवरची वाळू झटकत होती. मी आयुष्यात फार जणांना मनापासून नमस्कार केलेला नाही, त्या दिवशी केला, मनातल्या मनात का होईना. असो. तुमच्या तब्येतीचं कळवा, ताईला नमस्कार, नातवाला गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
बंडू

ता. क. खरवसाचं ताईला बोलू नका. सगळ्यांनी आवडीनं खाल्ला असंच मी कळवलं आहे.

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. ती चुकली असती तर प्राचार्यांनी माफ केलं असतं. ती बरोबर निघाली, तेच त्यांना खुपतंय. पुढच्या जूनमध्ये 'नव्या रक्ताला संधी' द्यायची असं ते आतापासून बोलतात. (हिच्याहून नवं रक्त आणायचं तर बालवाडीत जावं लागेल.) संस्थेचे चेअरमन आणि तुम्ही भोरच्या बोर्डिंगात एका खोलीत होता. दाजी, एकदा जाऊन तिच्यासाठी शब्द टाका. एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. ३. यात माझा स्वार्थ नाही असं समजू नका. दसऱ्यानंतर 'मॅडमच्या गैरहजेरीत जबाबदार कोण' हे ठरवायला मीटिंग झाली. मी त्या दिवशी तुमच्याकडं, नातवाच्या जावळाचं मटण खात होतो (पाहुण्यांच्या गर्दीत हा विषय काढता आला नाही). नाव एकमतानं मंजूर झालं. ती गेली, तर चाव्या माझ्या गळ्यात.

ता. क. ४. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज ती भातकापणीला पासलीला गेली आहे आणि जुडगा माझ्या खिशात. मघाशी प्राचार्य पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले, म्हणाले, बंडोपंत, जंतूंचा फ्रीज जरा उघडा, एवढं ठेवून टाकू. मी उघडायलाच निघालो होतो, देवाशपथ. पण तोंडातून निघालं, "नाही सर, चावी माझ्याकडं आहे." ते बघतच राहिले. मीही. तेव्हा चेअरमनकडं जाल तेव्हा आता दोघांसाठी शब्द टाका.