दुसरं इंजिन बंद असताना

परभणी, ४ मार्च १९५७
पॉवरहाऊसचं इंजिन नं. २ दुपारी बंद पडलं. बेअरिंग जळालं. नवं बेअरिंग मुंबईहून येणार, तोवर सगळं गाव नं. १ वर. साहेब (नवे, हैदराबादचे) आले. वाटलं, आता सगळ्यांना फैलावर घेणार. आधीचे ओरडले की माणसांना पानासुद्धा नीट धरता यायचा नाही. यांनी बाकड्यावर बसून चहा मागवला. दवाखाना आणि पाण्याचा पंप चालूच राहिले पाहिजेत, बाकीच्या लाइनी आळीपाळीनं, एवढं ठरवलं. मग कोणाला काय झेपेल ते ज्याला त्याला विचारलं.

९ मार्च
नवलच. इंजिन ड्रायव्हर रखमाजी पालमचा. सोमवारी गावाहून येताना मोटार चुकली म्हणून हमखास उशिरा. आता गावाकडं जातच नाही, हरभरा काढायला भावाला सांगून मोकळा. लाइनमन हबीब कोणी न सांगता खांबावर चढतो. मीही जेवायला घरी जाईनासा झालोय. एक इंजिन गेलं नि माणसं दुप्पट झाली. कशानं? भीती म्हणावी तर कोणाच्या तोंडावर दिसत नाही.

१६ मार्च
बेअरिंग आलं, बसवलं. नं. २ छान चाललं. साहेबांनी थोड्या वेळानं बंद करायला लावलं. अजून तपासायचंय म्हणे. काय, ते सांगितलं नाही.

२० मार्च
अजून बंदच. आज विचारलं. साहेब हळूच म्हणाले, "इंजिनात काही नाही. माणसं अशी किती दिवस काम करतात, ते बघायचंय."
राग आला. पण त्याआधी मलाही बघावंसं वाटलं.

२३ मार्च
रखमाजीला उभ्या उभ्या डुलकी लागली. बाही इंजिनाच्या पट्ट्यात गेली. हबीबनं मागून ओढलं म्हणून हात वाचला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, सोमवारी चालू करू. आज का नाही?
रखमाजी बाहेर पाणी पीत बसला होता. त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "त्येनी उगं काम मागितलं आस्तं तरी आमी एवढंच केलं आस्तं. का न्हाई इचारलं आमाला?"
आत जाऊन मीच नं. २ चालू केलं. आवाज ऐकून साहेब दारात आले. बंद करा म्हणाले नाहीत. मला उद्या सकाळी बोलावलंय.
रखमाजी म्हणतो, मीबी येतो.