एकतिसाव्या नंबरची मुलगी

येलहंका, रविवार

प्रिय मनस्विनी,

गेल्या सोमवारी फोन मी मध्येच ठेवला. लाइन गेली नव्हती. आणखी अर्धं मिनिट बोलले असते तर तीस वर्षांची मैत्री तिथंच संपली असती, म्हणून ठेवला. मेसेज करायचा नव्हता. तो तू दोन मीटिंगांच्या मधे वाचून त्यावर अंगठा ठेवून दिला असतास. म्हणून कागदावर लिहितेय. राग तसाच आहे, तेव्हा गोड काही सापडेल म्हणून शोधू नकोस.

भाग्यलक्ष्मीला तू पाहिलंस, पण ती तुला आठवत नसणार. बारा वर्षांची, सावळी, चणीनं अगदी बारकी. तिची आई गंगव्वा इथल्या जुन्या बाजारात फुलांचा गाडा लावते. बँकेत जाण्याआधी रोज सकाळी मी ज्या वीस-बावीस मुलींना फुटबॉल शिकवते, त्यांत ही दोन वर्षं येते आहे. मैदान कसलं, शाळेमागची खड्ड्याखड्ड्यांची जागा. त्या खड्ड्यांतून उसळलेला चेंडू तिच्या पायाशी आला की गप्प होतो. मान वर करून ती आधी सगळं बघून घेते आणि अशा जागी चेंडू देते जिथं अजून कुणी पोचलेलंच नसतं. थोरल्या मुली अंगावर धावून येतात, तोवर ती तिथून निघून गेलेली असते. हे मी शिकवलेलं नाही. मला शिकवता येणारही नाही, तुला ठाऊक आहे.

तुमच्या अकादमीच्या निवडीला तिला मीच घेऊन आले. गंगव्वानं त्या दिवशी गाडा लावला नाही. दोन बस बदलून आम्ही तिघी सातला कोरमंगलाच्या मैदानावर हजर. एकशे दहा मुली होत्या. आधी उंची, मग वजन, मग तीस मीटरची धाव, मग उभ्यानं उडी. तक्ता लागला आणि पहिल्या तीसजणींना थांबवलं. भाग्या एकतिसावी. उरलेल्या ऐंशीजणींच्या हातात एकेक केळं आणि सर्टिफिकेट देऊन घरी पाठवलं. मनू, फुटबॉलची निवड होती ती, आणि चार तासांत त्या मुलीच्या पायाला एकदाही चेंडू लागला नाही. चेंडू जाळीत बांधलेले तुझ्या खुर्चीमागं पडून होते. परतताना बसमध्ये तिनं मला विचारलं, "अक्का, चेंडू उद्या देणारेत का?" मी "बरं, बघू" म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

फोनवर तू मला समजावलंस, लेकराला समजवावं तसं. "कस्तुरी, चेंडू शिकवता येतो गं. वेग शिकवता येत नाही." माहितीपत्रकावर छापायला बरं वाक्य आहे. पण ते खोटं आहे, आणि तुझ्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगाची आग आग झाली. बाराव्या वर्षी जी सगळ्यांच्या पुढं धावते ती पुष्कळदा नुसती आधी वाढलेली असते. दोन-तीन वर्षांत बाकीच्या तिला गाठतात. चेंडूची समज मात्र याच वयात पायात उतरते; सोळाव्या वर्षी उतरवू म्हटलं तर पाय ऐकत नाहीत. कुणाचे ऐकले नाहीत ते तू जवळून बघितलंयस. धाव लागत नाही असं मी कधी म्हटलं? लागते. भाग्यालाही ती कमवावी लागेल. पण चेंडूसह मुलगी कशी दिसते हे न बघताच तिला वजनकाट्यावरून परत पाठवायचं, हे तुला पटलं कसं?

पुढचं तुला माहीत नाही. मंगळवारपासून भाग्या मैदानावर आलीच नाही. शुक्रवारी मी बाजारात गेले. गंगव्वानं सांगितलं की पोरगी रोज सकाळी शाळेच्या फाटकाला लोंबकळते, उंची वाढावी म्हणून. तळहातांना फोड आलेत. तेवढ्यात ती स्वतःच आली. मी तिला दिलेला चेंडू गाड्याखालून काढून तिनं माझ्या हातात ठेवला. फडक्यानं पुसून ठेवलेला होता.

"अक्का, आता नको. उंच झाले की मागून घेईन."

रडली असती तर बरं झालं असतं. मी तो चेंडू तिच्याच अंगावर ढकलला आणि रविवारी आली नाहीस तर इथं गाड्याशी येऊन बसेन असा दम दिला.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. आपण चौदा वर्षांच्या होतो, बेळगावहून राज्याच्या निवडीला आलो होतो आणि शेवटची एकच जागा उरली होती. मी तुझ्याहून वीतभर उंच. निवड करणाऱ्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुझी मैत्रीण पूर्ण सामना टिकेल का. मी म्हणाले, दमते ती. तू कधीच दमत नव्हतीस. जागा मला मिळाली. दोन वर्षं राज्याकडून धावले, बाकीच्या माझ्याएवढ्या झाल्या आणि मी संपले, कारण धावण्यापलीकडे मला काही येतच नव्हतं. हे तुला इतक्या वर्षांत सांगायचं धैर्य झालं नाही. म्हणजे यातला निम्मा राग तुझ्यावर आहे, उरलेला कुणावर ते आता तुला कळेल. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, त्याची घाई नाही. घाई दुसरीच आहे. आज भाग्या आली. डाव्या पायानं चेंडू मागं ओढून उभ्या जागी उलटं कसं वळायचं, असं तिनं विचारलं. मी तीनदा करून बघितलं, तिन्हीदा चेंडू निसटला. तुला ते झोपेतही जमायचं. आम्ही रोज सहाला मैदानावर असतो. अकादमीचा टी-शर्ट घरी ठेव आणि ये.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
कस्तुरी