चौकातला रुपेरी कोट

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. तुझ्या लेकीच्या ऑफिसात दोनदा जाऊन आलो. दारावरचा माणूस म्हणतो, अशी कुणी इथे नाही. लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस, ऑफिस मोठं आहे. नोकरीची थाप निघाली तर चिमणीला कान धरून घरी आणायचं, हा तुझा हुकूम लक्षात आहे.

तोवर शहराच्या मधला मोठा चौक बघतोय. कारंजं, कबुतरं, फुगेवाले, आणि माणसं इतकी की मुंगीला शिरायला जागा नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर मान मोडली, पण इतके कोट एकदम चालताना पहिल्यांदाच पाहिले. निम्म्यांच्या बाह्या लांब आहेत.

कारंज्याशी एका बाईचा रुपेरी पुतळा आहे. कोट असा घडवलाय की कारागिराला शिवण कळत होतं. डावा खांदा उतरता, तो आतून भर घालून सावरलाय, अगदी मी सावरतो तसा. उद्या टेप घेऊन जातो.

आठवण ठेव, रागावू नकोस.
तुझा धाकटा

ता. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. आधी पाणी पी, मग पुढचं वाच.

पुतळ्याच्या खांद्याला टेप लावली, तर तो ओठ न हलवता म्हणाला की मामा, गुदगुल्या होतात. मी मटकन खालीच बसलो. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती आपली चिमणी होती, आणि कोट मीच तिला ऑफिससाठी शिवलेला. त्यावर रंग फासलेला पाहून जीव तुटला.

ऑफिस तिने महिन्यातच सोडलं, आता रोज चौकात पुतळा बनून उभी राहते आणि लोक पैसे टाकतात. म्हणाली, तिथे कुणी मान वर करून बघत नव्हतं, इथे मुलं खाऊ खायचं विसरतात. पोर खूश आहे, ताई. तुला सांगणार नाही असं मी तिला वचन दिलंय, म्हणून हे पत्र लिहितोय. कान धरायला सांगू नकोस, रंग हाताला लागतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून सकाळभर भांडी आपटली. शेजारणीने विचारलं, तर सांगितलं की लेकीचा भर चौकात पुतळा आहे. ती बिचारी डोळे पुसत सांत्वनाला बसली. तिला समजावण्यात माझा राग कुठच्या कुठे गेला.

हुकूम मागे घेते. शुक्रवारी मी येतेय, तिला कळवू नकोस. मोठी झाल्यापासून मी जवळ गेले की ती उठून जाते. दोन वर्षांत पोरीचं तोंड धड पाहिलं नाही. तिथे तिला हलता यायचं नाही आणि चारचौघांत मला बोलता यायचं नाही. एकदा समोर उभी राहून डोळे भरून बघून घेईन.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.
तुझी ताई