पहिली तपासणी घरचीच

१२ सप्टेंबर २०२२
ठरलं. कोरोनात तपासण्या बंद पडल्या, आता कॅन्सरचे पेशंट लई उशिरा सापडणार, असं डॉक्टर प्रविण म्हणाले. त्यांनी नुसतं म्हणायचं, प्लॅनिंग आपण करायचं. या भागात डोकं दुसऱ्या कुणाला हाय? दिंद्रुडला महाशिबिर घेणार. कोरोना योद्धा तर झालोच, आता कॅन्सर योद्धा.

१३ सप्टेंबर
बायकोने, सत्यशीलाने, परत छातीतल्या गाठीचं काढलं. लॉकडाऊनपासून तेच रडगाणं. तेव्हा म्हणलो, दवाखान्यात कोरोना हाय, थांब. आता तर शिबिरच घरचं! पहिली तपासणी माझ्या, म्हणजे सुंदररावांच्या बायकोची, फोटो पेपरात. ते बघून बाया रांगा लावतील. ती उठून भाकरी थापायला गेली. आनंद झाला असेल.

२९ सप्टेंबर
बॅनर लागला. माझ्याशेजारी सत्यशीला हात जोडून. खाली ‘पहिल्या मानकरी’. डॉक्टर म्हणतात, वहिनींना उद्याच बीडला न्या. उद्घाटनाआधी तपासणी? शिकलेला माणूस, पण रीत म्हणून कळत न्हाई. आमदार साहेबांनी फीत कापल्याशिवाय आमच्याकडे हातपंपसुद्धा चालू होत न्हाई.

१८ ऑक्टोबर
साहेबांची तारीख मिळालती, गेली. दिवाळीनंतर बघू म्हणे. सत्यशीलाने विचारलं, गाठीला साहेबांची तारीख कळते का? बाईमाणसाला सबुरी कसली ती न्हाईच.

३ नोव्हेंबर, सकाळी
साहेबांचा पीए फोन उचलेना. मंडपवाला आप्पाराव डोकं खातो. सत्यशीला भावाबरोबर माहेरी गेली, लिंबागणेशला. विचारलं सुद्धा न्हाई. जाऊ दे. घर शांत, आता प्लॅनिंगला जोर येईल.

१० नोव्हेंबर
चहा स्वतः केला. दूध नासलं. प्लॅनिंग उद्या.

२४ नोव्हेंबर
सत्यशीलाचा फोन. माहेरी नव्हतीच, बार्शीला दवाखान्यात होती. गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं, आता केमो. लॉकडाऊन उठल्या उठल्या आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

लई भ्या वाटलं. मला का म्हणून सांगितलं न्हाई, म्हणलो. दोन वर्षं तुम्ही काय करत होते, म्हणाली.

मग तिनेच विचारलं, साहेबांची तारीख मिळाली का. न्हाई म्हणलो.

बरं, म्हणाली, मग बॅनरवरचा माझा फोटो तेवढा काढून टाका.