सव्वा सेंटिमीटर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दहा नाही, अकरा! आज काकांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी नुसता चहा ढवळला.

गोदामाची जमीन – वीस बाय वीस मीटर, जाडी पंधरा सेंटिमीटर. कागदावर बरोबर साठ घनमीटर काँक्रीट. काँक्रीट प्लांटची एक गाडी सहा घनमीटरची, म्हणजे दहा गाड्या. काका खूश – "कसं जमून आलंय बघ!" जमून आलंय ते कागदावर! खालच्या भरावावर रोलर फिरवला म्हणून तो काही ताटासारखा सपाट होत नाही. पण बाबा गेल्यापासून बांधकामाचा धंदा काका बघतात, त्यामुळे काँक्रीटची ऑर्डरही तेच देणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि टेप घेऊन चाळीस ठिकाणी खोली मोजली. गुडघे सोलवटले. मिस्त्री लांबून ओरडले, "फूटपट्टी, काय हरवलंय?" हे माझं नवीन नाव. असू दे.

सरासरी सव्वासोळा! सव्वा सेंटिमीटर जास्त – म्हणजे माझ्या करंगळीच्या जाडीएवढं. पण एवढ्या मोठ्या जागेवर पसरलं की तेच पाच घनमीटर होतं. पंपाच्या पाइपात अडकेल, सांडेल ते धरलं तर अकरा गाड्या. वहीच पुढे केली. काकांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"मी नि तुझ्या बाबांनी तीस वर्षं कामं केली. कमी पडलं की चार घमेली कालवायची नि टाकायची. त्याला एवढं काय?"

अहो, तेव्हा मिक्सर दारात होता, वाळू-खडी शेजारी पडलेली असायची! आता प्लांट दीड तासावर. दहावी गाडी संपल्यावर फोन केला, तर अकरावी येईपर्यंत आधीचं घट्ट होऊन बसणार. मध्ये सांधा राहणार, त्यावरून मालाची जड वाहनं धावणार आणि वर्षाच्या आत तिथेच तडकणार.

हे सगळं बोलले. जरा चढ्या आवाजात बोलले, खरं आहे. तर म्हणतात, "अकरावी गाडी उरली, तर सोमवारपासून ऑफिसात बसायचं. साइटवर पाऊल टाकायचं नाही."

कबूल! म्हटलं, कबूल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपारी काकांनी माझ्यासमोर प्लांटला फोन लावला. "शनिवारी सकाळी. दहा गाड्या." मिस्त्री गालातल्या गालात हसले. मी वही मिटली आणि घरी आले. इतका राग आला की जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

केला फोन. काकांना न विचारता. ऑर्डर घेणाऱ्याला म्हटलं, "उद्या अकरा पाठवा. जबाबदारी माझी."

"हो ताई, अकरा. पाठवतो."

आता ऑफिसात बसवा नाहीतर घरी बसवा!

शनिवार, ८ नोव्हेंबर

चौथ्या गाडीचा ड्रायव्हर – "ताई, थोडं पाणी मारू का? भराभर पळेल." म्हटलं, पाण्याने काँक्रीट कच्चं पडतं; मारलंत तर गाडी आल्या पावली परत जाईल. मारलं नाही.

दहावी गाडी रिकामी झाली आणि दाराजवळचा अख्खा कोपरा उघडा! मिस्त्रींचं हसू मावळलं. पंपवाला माझ्याकडे बघतोय, मी फाटकाकडे. दहा मिनिटं. तेवढ्यात अकरावी आत वळली.

आणि मग माझा तोल सुटला. "बघा काका! तुमच्या अंदाजावर राहिलो असतो तर आज तोंडावर पडलो असतो. बाबांनी तीस वर्षं तुम्हाला कसं सांभाळून घेतलं, देव जाणे!"

सगळ्यांनी ऐकलं. काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटरवालाही थांबला. काका कोपऱ्यापाशी गेले. मग मिस्त्रींना म्हणाले, "कोपरा नीट भरा, हवा राहू देऊ नका."

दोन वाजता काम संपलं. शेवटी जेमतेम एक घमेलं उरलं. जिंकले!

घरी आल्यावर आईने विचारलं, "काका जेवले का गं?" मला काय माहीत!

रविवार, ९ नोव्हेंबर

पावत्या जुळवायला प्लांटला फोन केला. म्हटलं, अकरावी गाडी माझ्या शुक्रवारच्या फोनवरून वाढवलेली, तशी नोंद करा.

"नाही ताई, ती काकांनी गुरुवारी संध्याकाळीच वाढवली होती. म्हणाले, पोरीने चाळीस ठिकाणी मोजलंय, ती चुकायची नाही. तुमचा फोन आला, मला वाटलं खात्री करताय."

बोलले सगळ्यांसमोर. माफीही उद्या सगळ्यांसमोरच मागणार – काका नको म्हणाले तरी!