मर्लच्या हातची पानं

डेलीन, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी तू, म्हणून आधीच बजावते: मी गेल्यावर हे वाचताना माझं नाव उच्चारायचं नाही. गेलेल्याचं नाव आपल्यात घेत नाहीत, हे तू विसरशीलच. पुढच्या ओळीत नाव आलं की खोकायचं.

मी, आयव्ही टलबिन, वय मिशनच्या वहीप्रमाणे अठ्ठ्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचाही दबाव नसताना, नात डेलीन हिच्या हातून लिहवून ठेवते की:

१. घर डेलीनचं. पानं कापडात गुंडाळून ज्यात उकळते तो तांब्याचा हंडाही तिचाच. गंजके खिळे फेकू नयेत. पानांच्या ठशांना काळा रंग त्यांच्यामुळेच चढतो.

२. आमची नदीकाठची जमीन घेऊन बसलेल्या गुरांच्या मालकाचे नकाशे, ज्यांवर मी पानं छापली, ते शाळेला. कुंपणाच्या रेघा पानांखाली बुजल्यात, तशाच राहू द्याव्यात. डेलीन म्हणते, "आजी, तुझी सही कुठाय?" अगं, पान हीच सही. नाव नाही, म्हणून तर मी गेल्यावर ती चित्रं झाकून ठेवावी लागणार नाहीत.

३. कबुली. ती सगळी पानं मिशनच्या धोबीघरामागची. आमच्या नदीकाठच्या निलगिरीचं एकही नाही; ते झाड त्या मालकाच्या कुंपणात, फाटकाला कुलूप. मी सहा वर्षांची असताना सरकारी माणसांनी आम्हां आदिवासी पोरांना ट्रकमध्ये कोंबून इकडे मिशनवर आणलं, तेव्हा त्या झाडाची मूठभर पानं मी घेतली होती. धाकटी बहीण मर्ल, तेव्हा चारची, मुठीत खाऊ आहे समजून तिनं माझी बोटं उघडली. पानं वाऱ्यावर गेली. बहात्तर वर्षं मी तिला ऐकवतेय. ती म्हणते, "बाई गं, जगातली झाडं संपली का?"

४. ट्रंकेतलं कोरं कापड माझ्या अंगावर घालावं. त्याआधी त्यावर नदीकाठच्या त्याच झाडाची पानं छापावीत, आणि ती मर्लनंच तोडावीत. माझा राग मी तिच्या नावे करते. तो तिनं तिथेच झाडाखाली ठेवून यावा. मालकाचा मुलगा अंत्यविधीपुरतं फाटक उघडणार आहे. जिवंतपणी नाही, मेल्यावर परवानगी! नाहीच उघडलं, तर तारेखालून जावं. मर्ल बारीक आहे.

"आजी, हे कायद्यात बसत नाही."

"तू लिही."

साक्षीदार: थेल्मा गोरिन, नर्स. क्लेम बाराल, शेजारी.
निशाणी: डावा अंगठा, शेजारी एक पान (धोबीघरामागचंच).
जुनं मिशन, पश्चिम क्वीन्सलँड, ९ ऑगस्ट २०१२.

राहिलंच: येताना मर्लच्या मुठीत पानं असतील, आणि उपाशी मर्लचा मला भरवसा नाही. तिच्याबरोबर निखाऱ्यात भाजलेली कांगारूची शेपटी आणि राखेतली भाकर पाठवा. परतीच्या वाटेलाही पुरेल एवढी.