रातू सेमींचा तिरपा नंबर

८ जून, सोमवार

वासितीचे व्हिडिओ आले — एकदाचे! कादावू बेटावर तिच्या गावात नेटवर्क फक्त टेकडीवर. पोरगी रोज फोन घेऊन टेकडी चढते. साथीमुळे वर्ग बंद पडल्यापासून आम्ही डोळे तपासणीचा अभ्यासक्रमच उलटा केलाय. आधी घरच्यांचे डोळे, मग पुस्तक. पाच माणसांच्या डोळ्यांत उजेडाची पट्टी फिरवायची, नंबर काढायचा, मला पाठवायचा. पाचही जण गेल्या वर्षी शिबिरात मशीनवर तपासलेले हवेत, म्हणजे ताळा होतो.

चार अगदी चोख. पाचवे गावचे प्रमुख, म्हणून मानानं ‘रातू’ सेमी — तिच्या आजोबांचे थोरले भाऊ. त्यांना हिनं एकचा तिरपा, म्हणजे सिलिंडरचा, नंबर काढलाय. मशीन म्हणतं, तिरपा नाहीच. मग आला कुठून?

१० जून

पुन्हा काढायला लावला. पुन्हा तोच! दोन्ही डोळ्यांना, तेवढाच. चुकायचं तर माणूस दर वेळी वेगळं चुकेल ना? मला भलतीच उत्सुकता लागून राहिलीय. मोतीबिंदू म्हणावा, तर शिबिराच्या कागदावर तसं काही नाही.

अविनेश (शेजारचं टेबल, जीभ तिखट) — "फोनवर डोळे शिकवा! उद्या फोनवर पोहायलाही शिकवाल."

हसले. पण मंगळवारी निकाल. पाचही जुळले नाहीत तर वासिती नापास, आणि तिच्या आईनं बजावलंय — नापास झालीस तर सुवाला कॉलेजात परत जायचं नाव काढायचं नाही. इतका हलका हात मी वर्षानुवर्षांत पाहिला नाही. तिला गमवायचं नाहीये मला.

११ जून

लेवुकाहून बाबांचा फोन. चष्मा कसा आहे विचारलं. "फर्स्ट क्लास, पोरी!" मागून वहिनी फिसकन हसली — "बायबलमध्ये खूण म्हणून छान आहे!" म्हातारपणी माणसं विसरतात घालायला. चार वर्षांपूर्वी मीच केला होता.

१२ जून

व्हिडिओत उजेड तपासला, अंतर तपासलं, भिंगं तपासली. काही नाही!!

१३ जून, शनिवार

व्हिडिओ दहाव्यांदा बघत होते. वासिती "तुलोऊ" म्हणून माफी मागते, मग रातूंच्या डोक्याला हात लावते, तपासणीची फ्रेम चढवते. किती अदबीनं! अविनेश कसावा चघळत मागे उभा.

"ही खाली का बसलीय?"

"खाली कुठे?"

"अगं बाई, म्हातारा खुर्चीत, ही चटईवर! खालून वर उजेड मारतेय. तिरपं बघितलं की तिरपंच दिसणार ना?"

दहा वेळा पाहिलं आणि मला दिसलंच नाही! रातूंसमोर माणूस दुसरं कुठे बसणार? बाकीचे चौघे तिच्याबरोबर चटईवरच होते. वीस वर्षं शिकवतेय मी हे. अविनेशला म्हटलं, उद्यापासून तुझ्या टोमण्यांना पगार देऊ.

१४ जून

वासितीला टेकडीवर फोन. "रातूंच्या बरोबरीनं बसू? मॅडम, आई मला जिवंत ठेवणार नाही!" मला रागावता येईना. तिच्या जागी मी तरी बसले असते का?

म्हटलं, निदान रातूंना विचार तरी.

१५ जून

रातू सेमी स्वतः टेकडी चढून आले! काठी टेकत, धापा टाकत. व्हिडिओत सगळं ऐकू येतंय. एका दगडावर बसले, समोरचा तेवढाच दगड दाखवला. वासिती उभीच. मग म्हणाले, "डोळे तपासायचेत की माझा मान? बस! चुकीचा चष्मा घालून मी काय रुबाब करणार?"

बसली. उजेडाची पट्टी समोरून सरळ फिरवली.

तिरपा नंबर — शून्य!! पाचही जुळले. निकाल उद्या, पण मी आजच कळवलं. फोनवर पोरगी रडली, मीही. अभ्यासक्रमात नवं वाक्य घातलं: तपासणाऱ्याचा डोळा आणि समोरच्याचा डोळा एका उंचीवर, समोर कोणीही असो.

१६ जून

ते वाक्य टाइप करतानाच हात थांबला होता. आज बाबांच्या तपासणीची जुनी वही काढली. बाबा वेताच्या खुर्चीत होते. मी चटईवर. प्रत्येक भिंगाला ते "छान, पोरी" म्हणत होते.

फोन केला. "बाबा, चष्म्याचं खरं सांगा."

"पायऱ्या वाकड्या दिसतात गं. पण तू केला होतास ना."